थकून यावे

आमच्या पाड्यावर विजेचे खांब आधी आले आणि तारा बऱ्याच वर्षांनी आल्या. मधल्या काळात खांबांना आम्ही शेळ्या बांधायचो. सुरगाण्याकडचा डोंगरातला पाडा. पावसाळ्यात भात आणि नागली, ती घरात आली की सगळं घर नाशिककडे निघायचं. दाराला कुलूप नसायचं, कारण कुलूप नव्हतं आणि आत नेण्यासारखंही काही नव्हतं. आई-बाबा द्राक्षबागेत कामाला, राहायला बागेच्या कडेला ताडपत्री. मला आश्रमशाळेत ठेवलं ते शिक्षणाच्या ओढीनं वगैरे नाही. तिथं दोन वेळचं जेवण मिळायचं म्हणून. आई सरळच सांगायची, "ती तिकडं जेवते म्हणून इकडं बाकीच्यांना पुरतं."

असं जेवत जेवत मी बारावी झाले. मग नाशिकला वसतिगृहात राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. त्यानंतर मज्जातंतूंच्या तपासणीचा डिप्लोमा केला आणि शहरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागले. पहिल्या पगाराला घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "काम काय करतेस?"

"लोकांच्या नसांना करंट देते."

"मंजे शॉक?"

"हो. बारीक."

"आन् त्याचे पैसे कोण देतं?"

"ज्याला शॉक देते तोच."

बाबांनी बाहेरच्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "शिक्षणाचा उपयोग हाय म्हणायचा."

तेव्हापासून मी शॉकवाली ताई. पेशंट हेच नाव घेऊन दार ठोठावतात. या कामात विचित्र माणसं फार भेटली, पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर डोळ्यांसमोर पहिले आले ते बापू. पंचवटीच्या भाजीबाजारात एका आडत्याकडे बोली पुकारणारे. टोमॅटोच्या कॅरेटांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीदार पेट्यांच्या, थप्पीपुढे उभं राहून दुपारपासून अंधार पडेपर्यंत ओरडायचं, व्यापाऱ्यांना भाव चढवायला लावायचा आणि शेतकऱ्याच्या मालाला चार पैसे जास्त मिळवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. वीस-बावीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं. आवाज असा की बाजारात मोबाईल लावायचा तर लोक आधी बापू कुठं आहेत ते बघायचे.

ते पहिल्यांदा आले ते सकाळी, पहिल्याच नंबरला. मी आत मशीन पुसत होते. डॉक्टरांच्या केबिनमधून दाराच्या काचा हादरतील असा आवाज आला.

"डॉक्टरसाहेब, मला बोलता येत नाय!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काय येत नाही?"

"बोलता! तोंडातून शब्दच निघत नाय! आवाजच बसतो!"

बाहेर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय होतं? बापूंनी त्याच आवाजात सांगितलं. डावी पापणी खाली येते. एकाचे दोन दिसतात, कॅरेट मोजायला घेतले की दुप्पट भरतात. भाकर चावता चावता जबडा दमतो. हे सगळं संध्याकाळी. सकाळी काही नाही. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत. डॉक्टरांनी डोळे तपासले, हात-पाय तपासले. सगळं ठणठणीत. मग माझ्याकडे पाठवलं.

माझं काम काय असतं ते सांगते. चेहऱ्यावर नाहीतर खांद्यावर छोटी चिकटपट्टी लावायची आणि त्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेला एकापाठोपाठ एक बारीक झटके द्यायचे. प्रत्येक झटक्याला स्नायू आकसतो आणि पडद्यावर एक उंचवटा उमटतो. तब्येत चांगली असेल तर सगळे उंचवटे एका उंचीचे, देवळाली कॅम्पातल्या परेडसारखे. काही आजारांत दुसरा पहिल्यापेक्षा बुटका, तिसरा त्याहून बुटका, अशी उतरंड दिसते. डॉक्टरांना जो संशय होता त्या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस, आणि त्यात ही उतरंड दिसायला हवी.

बापूंची परेड एकदम कडक निघाली. मी रिपोर्टवर 'नॉर्मल' टाइप केलं.

त्यांच्या बायकोनं, लताकाकूंनी, रिपोर्ट हातात घेतला आणि त्यांचा चेहराच पडला. लोकांना नॉर्मल म्हटलं की आनंद होतो. या बाईच्या डोळ्यांत पाणी.

"नॉर्मल कसं असंल वो ताई? परत एकदा द्या की शॉक. जरा मोठा द्या."

हा आजार कसा वेडा असतो, ते आधी समजून घ्या. आपण हात उचलायचं ठरवलं की नस स्नायूपर्यंत हुकूम नेते. पण नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे बारीकशी फट असते. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं आणि ते पलीकडे स्नायूच्या दारांवर जाऊन पडतं. दार उघडलं की स्नायू हलतो. रोगाशी लढायला आपल्या शरीरानं जे पहारेकरी ठेवलेत, तेच या आजारात डोकं फिरल्यासारखे आपल्याच दारांना कड्या घालत सुटतात. पहिल्या हुकमाला रसायन भरपूर सुटतं, त्यामुळे उघडी असलेली थोडी दारंसुद्धा पुरतात. तोच हुकूम पुन्हा पुन्हा दिला की दर वेळी माल कमी सुटतो आणि मग बंद दारं जाणवायला लागतात. पापणी पडते, आवाज नाकात जातो, घास गिळवत नाही. थोडं बसलं की माल पुन्हा साठतो आणि माणूस परत ठीक. पहारेकरी असे का बिघडतात ते नेमकं कुणाला माहीत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण बघणाऱ्याला एकच दिसतं: सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी झिंगल्यासारखा बोलतो, आणि एक डोळा अर्धा मिटलेला.

बाजारानं याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. शेतकरी म्हणाले, बापू पिऊन येतो. व्यापाऱ्यांतले काही म्हणाले, पितबित नाही, डोळा मारून ठरलेल्या गिऱ्हाइकाला खूण करतो. कोथिंबीर विकणाऱ्या बायकांनी आणखी तिसराच अर्थ काढला आणि एकीनं लताकाकूंना घरी येऊन सांगितला. कुणीतरी त्यांचा संध्याकाळचा व्हिडिओ काढून बाजाराच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारी तोंडं. आडतीचे शेठ म्हणाले, "बापू, पोळ्यापर्यंत बघतो. नाहीतर तुझ्या जागी माझा भाचा उभा राहील." बापूंनी आयुष्यात बोली पुकारण्याशिवाय काही केलं नव्हतं. त्यांची भाकरीही गेली असती आणि वर दारुड्या म्हणून नाव राहिलं असतं.

ते दुसऱ्यांदा आले. पुन्हा सकाळी पहिला नंबर, पुन्हा खणखणीत आवाज, पुन्हा कडक परेड. रक्त तपासायला पुण्याला पाठवायचं डॉक्टर म्हणत होते, पण काकूंचा आता कुठल्याच तपासणीवर भरवसा उरला नव्हता. मी काकूंना सहज विचारलं, "घरून निघताना काय खाऊन आलात?"

"खाऊन? अहो ताई, परवापासनं यांना मी कामावर धाडलं नाय. दोन दिस झोपवून ठेवलं. मौन धरायला लावलं. घरात पाणी मागायचं तरी हातानं मागायचं."

"का?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पदवी घेऊन हिला एवढंही कळत नाही. "डॉक्टरांपुढं नीट बोलता याया नको? आवाज साठवून आणलाय त्यांचा."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते आधी हसले आणि मग कपाळाला हात लावून बसले. आपल्याकडं दवाखान्यात जायचं म्हणजे देवाला जाण्यासारखं. डोक्यावरून आंघोळ, धुतलेले कपडे, आदल्या दिवशी आराम आणि सकाळचा पहिला नंबर. मी स्वतः आईला तसंच नेते. बाकी कुठल्या आजाराचं यानं काही बिघडत नाही. पण या आजाराला आराम दिला की तो घरीच थांबतो, आणि दवाखान्यात एकटा पेशंट येतो.

"बापू," डॉक्टर म्हणाले, "मला तुम्ही थकलेले हवे आहात. मोठ्यानं आकडे म्हणा."

बापूंनी आकडे म्हटले. शंभर झाले, दोनशे झाले. आवाज तसाच. मधेच जांभई दिली.

"त्रास होतोय?"

"कंटाळा येतोय साहेब. समोर माल नाय, गिऱ्हाईक नाय, नुसते आकडे. असं कुणी वरडतं का?"

आमचे डॉक्टर शांत माणूस. पण बाहेर पेशंट तुंबलेले, घड्याळ पुढं सरकत होतं. त्यांनी बापूंना हाताला धरून बाहेर आणलं, वेटिंग रूमच्या मधोमध उभं केलं आणि एका प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"विका."

"काय?"

"ही खुर्ची विका. ती झाली की पुढची. सगळा दवाखाना विका. थांबायचं नाही."

बापूंनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा लोकांकडं. छाती भरून घेतली. आणि मग जो आवाज निघाला त्यानं माझ्या मशीनवरचा स्पीकर आपोआप कुरकुरला.

"चला बोला भाऊ, बोला ताई, लाल खुर्ची, चार पायांची, एकबी पाय लंगडा नाय, डॉक्टरसाहेबाच्या बागेतला ताजा माल, सुरुवात करा, बोला!"

पहिल्यांदा कुणी बोलेना. मग कोपऱ्यातून देवळालीचे एक निवृत्त सुभेदार, कंबर धरून आलेले, म्हणाले, "पन्नास."

"पन्नास सुभेदारसाहेब! पन्नासात बसाया स्टूल मिळत नाय साहेब, खुर्ची मागता! कोण चढतंय?"

सातपूरच्या कारखान्यातला एक कामगार होता, हात बधिर होतो म्हणून आलेला. त्यानं तोच हात वर केला. "साठ!" त्याची बायको म्हणाली, "कशाला हवीय खुर्ची?" तो म्हणाला, "आपल्याला नको, पण सुभेदार एकटा नेतोय म्हणून."

खुर्ची शेवटी सुभेदारांकडेच गेली. पाठोपाठ पाण्याचा कूलर. त्यानंतर भिंतीवरचं मेंदूचं चित्र, "आतला माल बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाय." रिसेप्शनवरची मुलगी धावत आत आली. "सर, ते खरंच नेणार आहेत का? मी पावती फाडू?" पेठकडच्या एका म्हातारीनं छताचा पंखा घेतला आणि नातवाला म्हणाली, "शिडी कुठं मिळंल ते बघ." चक्कर येते म्हणून आलेला एक पेशंट उभा राहून बोली लावत होता. चक्कर त्याची तोच विसरला होता.

मी आत जाऊन मशीन तयार केलं. बाहेर रिसेप्शनचं टेबल चालू होतं तेव्हा मला आवाजात फरक जाणवला. शब्द नाकातून येऊ लागले होते. 'टेबल'चं टोक गळून पडलं. मी दारात आले. बापू भुवया उंच ताणून बघत होते, डावी पापणी मात्र खाली सरकत चालली होती. जबडा सुटायला लागला तसा त्यांनी एका हातानं हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं बोली चालूच ठेवली. त्या अवस्थेतही सुभेदारांना आणखी दहानं चढवलं. मग आवाज विझला. ओठ हलत होते, बाहेर नुसती गुणगुण.

 बोलीसाठी वर गेलेले हात खाली आले.

आणि लताकाकू उठून ओरडल्या, "हेच! हेच वो साहेब! आलं बघा! आलं!" नवऱ्याचं आजारपण दिसलं म्हणून ती बाई आनंदानं रडत होती. सुभेदारांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पेशंट आजारी पडला म्हणून वेटिंग रूम टाळ्या वाजवते, हे माझ्या नोकरीत त्याआधी आणि त्यानंतर कधी झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, "बर्फ आणा." या आजारात पडलेल्या पापणीवर बर्फ धरला तर ती थोडा वेळ वर येते, कारण थंडाव्यात ते रसायन जास्त टिकतं. साधी तपासणी आहे. पण आमच्या फ्रीजमध्ये नेमका बर्फ नव्हता, रिसेप्शनच्या मुलीनं ट्रे सरबताला रिकामा केलेला. ती शेजारच्या रसवंतीवर पळाली आणि पिशवीभर बर्फ घेऊन आली, त्यात आल्याचा एक तुकडाही होता. सुभेदारांनी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. आलं काढून मी बर्फ रुमालात गुंडाळला आणि बापूंच्या मिटलेल्या पापणीवर धरला. दोनेक मिनिटांनी काढला. पापणी वर. डोळा टक्क उघडा.

पंखा घेतलेली म्हातारी पुढं येऊन बघत होती. मला म्हणाली, "मलाबी शॉक नको बाई. बर्फच लाव."

लगेच बापूंना मशीनवर घेतलं. पहिला उंचवटा, दुसरा बुटका, तिसरा आणखी बुटका. घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तसे. मी इतकी वर्षं करंट देतेय, पण पडद्याकडं बघून माझ्या अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

पुढचं सरळ वाटेनं गेलं असं मात्र नाही. पुण्याहून रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात ते बिघडलेले पहारेकरी सापडले. छातीचा स्कॅन केला तेव्हा छातीच्या मधल्या हाडामागची थायमस नावाची ग्रंथी वाढलेली दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, ही ग्रंथी लहानपणी पहारेकऱ्यांना शिकवायचं काम करते आणि मोठेपणी सुकून जायला हवी. बापू म्हणाले, "मंजे मास्तर रिटायर व्हायला तयार नाय." इतकं नेमकं मला डिप्लोमाला कुणी शिकवलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. एक त्या रसायनाला जास्त वेळ टिकवणारी. ती घेतली की थोड्या वेळात पापणी वर आणि आवाज मोकळा. फक्त पोटही मोकळं. लिलाव ऐन रंगात असताना बापूंना कोबीच्या ढिगाआड पळावं लागायचं, तेव्हा डॉक्टरांनी डोस खाली आणला. दुसरी पहारेकऱ्यांना शांत करणारी, तिचा गुण यायला वेळ लागतो. ग्रंथी ऑपरेशननं काढायची ठरलं. आणि डॉक्टरांनी दोघांना बसवून बजावलं: काही अँटिबायोटिक, काही झोपेची औषधं या आजारात घात करतात. आम्हाला विचारल्याशिवाय साधी गोळीसुद्धा घ्यायची नाही. आणि रोज एका श्वासात आकडे म्हणून बघायचे. आकडे कमी व्हायला लागले तर श्वासाचे स्नायू दमताहेत, लगेच निघायचं.

ऑपरेशनच्या आधीच बापूंना ताप आला. गल्लीतल्या कुणीतरी आपल्या घरातली उरलेल्या अँटिबायोटिकची पाकिटं दिली आणि बापूंनी ती घेतली. बाजारच्या माणसाला फुकटचा माल नाकारता येत नाही. दुपारी लताकाकूंचा मला फोन आला.

"ताई, आठवर थांबले."

"कसलं आठ?"

"एका श्वासात. काल तीस म्हटले. आज आठ."

मी म्हटलं, "काकू, पाणीसुद्धा पाजू नका, श्वासात जाईल. रिक्षात बसवा आणि निघा. मी सरांना सांगते."

त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. रक्तातला जो पिवळसर भाग ते पहारेकरी वाहून नेतो तो मशीननं काढून बदलला. मधले दिवस वाईट होते. मला पहिल्यांदाच वाटलं की मी या माणसाला हसत हसत दमवलं आणि आता तो श्वासानंच दमलाय. संध्याकाळी काम संपल्यावर मी काचेतून बघायला जायचे. एकदा गेले तर सिस्टर हातात ग्लुकोजची बाटली घेऊन उभी आणि बापू, तोंडात नळी, बोटांनी तिला खुणा करताहेत. एक बोट, दोन बोटं, तळहात उलटा. सिस्टर वैतागून मला म्हणाली, "मॅडम, यांना काय पाहिजे?"

मी म्हटलं, "काही नको. ते बाटली विकताहेत. तुम्ही भाव चढवत नाही आहात."

मग मला कळलं की हा माणूस वाचणार.

नळी निघाली. सावकाश ऑपरेशनही झालं. दरम्यान पोळा येऊन गेला आणि बापूंच्या जागेवर शेठचा भाचा उभा राहिला. तेव्हा बापूंच्याच सांगण्यावरून मी एक गोष्ट केली. बर्फ लावायच्या आधीची पापणी आणि नंतरची, असा सुभेदारांच्या मोबाईलमधला व्हिडिओ मागवून घेतला आणि बाजाराच्या त्याच ग्रुपवर टाकायला बापूंना पाठवला. खाली बापूंनी स्वतःच्या आवाजात बोलून पाठवलं: "ज्याला वाटतं मी पितो, त्यानं दारूवर बर्फ घालून बघावं, पापणी वर येते का." शेठ स्वतः आमच्या दवाखान्यात आले. डॉक्टरांपुढं टोपी काढून बसले आणि हळूच विचारलं, "मंजे साहेब, इतके दिवस तो खरंच आजारी होता?"

"हो."

"आन् आम्ही हसत होतो."

 शेठनी जाताना लाल खुर्चीकडं बघितलं आणि ती खरोखरच विकत मागितली. सुभेदारांचा हक्क आधीचा होता, त्यांना विचारून दिली. आता ती बाजारात आहे. नाशिकच्या बाजारात बसून बोली पुकारणारे बापू पहिलेच असतील. ते थोडा वेळ पुकारतात, थोडा वेळ भाचा पुकारतो. उन्हाळ्यात जास्त दमतात, मानेला ओला पंचा असतो. गोळ्या चालू आहेत, डोस कमी झालाय.

या सगळ्यात मला खुपतं ते एवढंच. याआधी अशी किती माणसं आंघोळ करून, झोप काढून सकाळी आली असतील आणि 'नॉर्मल' घेऊन घरी गेली असतील, ते मला कधीच कळणार नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून मी दवाखान्याबाहेर एक बोर्ड लावला. अक्षर माझंच आहे. 'पापणी पडणे, दोन दिसणे, आवाज बसणे अशी तक्रार असणाऱ्यांची तपासणी संध्याकाळी. पेशंटने आराम न करता, थकून यावे.' येणारेजाणारे त्याचा फोटो काढून हसतात. बाबा एकदा नाशिकला आले होते, त्यांनी तो मला वाचून दाखवायला लावला आणि म्हणाले, "एवढंच असंल तर आपला सगळा पाडा घेऊन येतो."

बोर्ड लागल्यापासून तसे पेशंट संध्याकाळी येतात आणि त्यांच्यातल्या काहींचा आजार पहिल्याच भेटीत सापडलाय. काल कामावरून सुटल्यावर मी पंचवटीच्या बाजारात टोमॅटो घ्यायला गेले होते. अंधार पडत आला होता. बापू पुकारत होते, आणि त्यांचा आवाज शेवटच्या कॅरेटपर्यंत पुरला.